गोड व कडू साबुकंद : वाढ, उत्पन्न आणि रासायनिक घटक

आषाढी एकादशीच्या सुमारास पालखीचा मार्ग नीरा नदी ओलांडून लोणंदकडे वळतो, त्या दिवसांत शिरवळ-लोणंद भागातील प्रत्येक वाण्याच्या दुकानात साबुदाण्याची पोती येऊन पडतात. साबुदाणा शिजला नाही असे घर उपवासाच्या दिवशी विरळाच. परंतु हा दाणा ज्या कंदापासून बनतो तो कंद या भागातील बहुसंख्य शेतकऱ्यांनी शेतात उभा पाहिलेला नसतो. मग जेव्हा कोणी सांगतो की, "हे पीक हलक्या माळावर येते, पाणी थोडे लागते आणि एकरी दहा-बारा टन उतरते," तेव्हा शेतकऱ्याच्या मनात उत्सुकता निर्माण होते आणि ग्रामसेवकाला प्रश्न विचारले जातात. त्या प्रश्नांची उत्तरे देताना उत्पन्नाच्या आकड्यांइतकीच एक दुसरी गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ती अशी की, या कंदात, सालीत आणि विशेषतः पानांत विष निर्माण करणारे द्रव्य असते. "गोड" जात लावली म्हणजे धोका टळला, ही समजूत माणसाला आणि जनावराला महाग पडू शकते.

पिकाची ओळख

साबुकंद, ज्यास टॅपिओका किंवा कसावा असेही म्हणतात, ही एरंडाच्या कुळातील झुडूपवजा वनस्पती आहे. तिची उंची पुरुषभर किंवा त्याहून अधिक होते. पाने पंजासारखी विभागलेली असतात. खोडावर गळून गेलेल्या पानांचे वण ठळक दिसतात. खोडाच्या बुडाशी असलेल्या मुळांपैकी काही मुळे जाड होऊन त्यांत स्टार्च साठतो, तेच तिचे कंद होत.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगिजांनी ती सतराव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर आणली. त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या लागवडीस उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे थांबले, तेव्हा केरळातील गोरगरिबांना याच कंदाने जगविले. त्याच युद्धामुळे मलायाकडून येणारा साबुदाणाही बंद झाला. तो मूळचा साबुदाणा एका ताडवर्गीय वृक्षाच्या खोडातील गरापासून करीत. त्यास पर्याय म्हणून तामिळनाडूतील सेलम येथे साबुकंदाच्या स्टार्चपासून साबुदाणा करण्याचा धंदा १९४० नंतरच्या दशकात उभा राहिला. १९८१ साली तेथील उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि २०२३ साली सेलमच्या साबुदाण्यास भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र हा या मालाचा फार मोठा गिऱ्हाईक आहे.

गोड आणि कडू यांतील भेद

गोड साबुकंद आणि कडू साबुकंद या दोन निरनिराळ्या वनस्पती नव्हेत. दोन्ही एकाच जातकुळीच्या असून पानाफांद्यांवरून त्यांत भेद करता येत नाही. भेद आहे तो कंदातील सायनाइडजनक द्रव्याच्या प्रमाणात. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार एक किलो ताज्या कंदापासून ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी हायड्रोसायनिक आम्ल निर्माण होत असेल तर तो कंद गोड समजावा. त्याहून अधिक असल्यास कडू समजावा. कडू कंदांत हे प्रमाण किलोस ४०० मिलिग्रॅमपर्यंत व क्वचित त्याहूनही वर जाते.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम इतके अल्प हायड्रोसायनिक आम्लही प्राणघातक ठरू शकते. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या माणसास २५ मिलिग्रॅम. गोड कंदाच्या वरच्या मर्यादेचा विचार केला तर अर्धा किलो कच्च्या कंदात एवढे विष निर्माण होण्याची शक्ती असते. किलोस ४०० मिलिग्रॅम असलेल्या कडू कंदात मात्र तेवढ्याच विषाला जेमतेम साठ-पासष्ट ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने छटाकभर कंद पुरतो. कच्चा साबुकंद, मग तो कोणत्याही जातीचा असो, खाऊ नये हा नियम यावरूनच निघतो.

विष कसे निर्माण होते

धडधाकट कंदात मोकळे विष फारसे नसते. पेशींच्या आत लिनॅमॅरिन नावाचे द्रव्य साठविलेले असते आणि पेशींच्या भित्तींत लिनॅमॅरेज नावाचे विकर असते. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत असल्यामुळे एकमेकांस भेटत नाहीत. कंद कापला, किसला, ठेचला किंवा जनावराने चावला की कप्पे फुटतात, विकर द्रव्यावर कार्य करू लागते आणि अखेरीस हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. हे आम्ल सुमारे २६ अंश सेल्सिअस उष्णतेसच वाफ होऊन उडून जाते व पाण्यात सहज विरघळते.

विष निर्माण होण्याची ही रीतच ते काढून टाकण्याचीही रीत आहे. कंद जितका बारीक केला जाईल, जितका वेळ ओला व उघडा राहील, तितके विष मोकळे होऊन निघून जाते. साबुदाण्याच्या कारखान्यात कंद सोलून, किसून, भरपूर पाण्याने धुऊन त्यातील दुधासारखे स्टार्चचे पाणी हौदात निवळू देतात. ओल्या स्टार्चचे दाणे करून ते तव्यावर भाजतात व उन्हात वाळवितात. या सर्व क्रियांत विष पाण्याबरोबर व वाफेबरोबर निघून जाते. म्हणून बाजारातील साबुदाण्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र कारखान्याबाहेर पडणारे सांडपाणी ओढ्यात सोडणे घातक होय.

जातीचे नाव ही हमी नव्हे

कंदातील विषाचे प्रमाण केवळ जातीवर ठरत नाही. एकाच जातीचा कंद एका शेतात गोड व दुसऱ्या शेतात कडू निघू शकतो. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) पाण्याचा ताण : अवर्षणात कंदातील सायनाइडजनक द्रव्य वाढते. पर्जन्यछायेतील तालुक्यांच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

(२) खताचे प्रमाण : नत्र अधिक व पालाश कमी दिल्यास विष वाढते. पालाशाचा पुरवठा चांगला असल्यास ते घटते व स्टार्चही चांगला भरतो.

(३) झाडाचा भाग : कंदाच्या गरापेक्षा सालीत आणि सालीपेक्षाही बहुधा पानांत विष अधिक असते. गोड जातीच्या सालीतही ते गराच्या कित्येक पट असू शकते.

(४) चव : कडूपणा व विष यांचा संबंध असला तरी तो पक्का नाही. जिभेस गोड लागला म्हणून कंद निर्विष मानणे चूक होय.

या दुर्लक्षाचे परिणाम आफ्रिका खंडात दिसून आले आहेत. १९८१ साली मोझांबिक देशातील नांपुला प्रांतात दुष्काळ पडला. अन्नाची टंचाई असल्याने कडू कंद पुरेसे न वाळविता खाल्ले गेले आणि हजाराहून अधिक लोकांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यांत मुले व स्त्रिया अधिक होत्या. या रोगास तिकडे कोंझो म्हणतात. २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात युगांडातील कासेसे जिल्ह्यात कसाव्याच्या पिठाने ९८ जणांना विषबाधा होऊन दोघे दगावले.  मोझांबिकात चूक झाली ती प्रक्रियेत.

वाढ

लागण बियांनी न करता खोडाच्या कांड्यांनी करतात. कांड्या रुजण्यास आठ ते पंधरा दिवस लागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाने व बारीक मुळे वाढतात. या काळात पीक तणापुढे दुबळे असते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास काही मुळे फुगू लागतात आणि पुढील चार-पाच महिन्यांत कंद भरतात. पाण्याचा ताण पडल्यास झाड पाने गाळून वाढ थांबविते व ओल मिळताच पुन्हा फुटते. या गुणामुळेच ते कोरडवाहू पीक म्हणून ओळखले जाते. परंतु तग धरणे वेगळे आणि भरघोस उत्पन्न देणे वेगळे. ताणात काढलेल्या दिवसांत कंद भरत नाही. थंडीच्या दिवसांतही वाढ मंदावते आणि दहिवर गोठेल अशी थंडी या पिकास मुळीच सोसत नाही.

पाणी साचणे हे या पिकाचे मोठे वैर आहे. साचलेल्या पाण्यात कंद कुजतात. भारी काळ्या रानात कंद नीट पोसत नाहीत आणि काढणीच्या वेळी तुटतात. चांगल्या निचऱ्याची, भुसभुशीत, हलकी ते मध्यम जमीन यास मानवते.

लागवडीची रीत

आठ-दहा महिन्यांच्या निरोगी झाडाच्या पक्व खोडाचा कोवळा शेंडा व फार जून बुडखा वगळून १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या कांड्या कराव्यात. डोळे वर ठेवून त्या सुमारे ५ सेंटिमीटर खोल उभ्या लावाव्यात. उलटी कांडी लागल्यास उगवण व कंद दोन्ही बिघडतात. फांद्या फुटणाऱ्या जातींसाठी दोन्ही बाजूंनी ९० सेंटिमीटर आणि सरळ वाढणाऱ्यांसाठी ७५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ९० सेंटिमीटर अंतराने एकरी सुमारे पाच हजार झाडे बसतात.

हेक्टरी साडेबारा टन शेणखत आणि १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व १०० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. स्फुरद सर्व आणि नत्र व पालाश निम्मे लागणीच्या वेळी द्यावे. उरलेले दीड-दोन महिन्यांनी खुरपणी करून व भर लावून द्यावे. फुटव्यांपैकी समोरासमोरील दोन जोमदार राखून बाकीचे काढून टाकावेत. पहिले तीन महिने रान तणविरहित ठेवावे.

बेण्याविषयी विशेष सावधगिरी हवी. पांढऱ्या माशीने पसरणारा केवडा रोग बेण्यातूनही येतो. रोगट झाडाच्या पानांवर पिवळे-हिरवे पट्टे पडतात व पाने वेडीवाकडी होतात. २०२० साली केरळात कसाव्यावरील पिठ्या ढेकूण हा नवा परदेशी कीटक आढळला व नंतर तामिळनाडूतही पसरला. त्याच्या नियंत्रणासाठी परदेशातून परोपजीवी गांधीलमाशी आणून २०२२ साली ती सोडावी लागली. म्हणून तिकडून ट्रकने येणाऱ्या बेण्याच्या मोळ्या तपासणीवाचून शेतात उतरवून घेऊ नयेत.

जाती व उत्पन्न

तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था १९६३ साली स्थापन झाली. तेथे निर्माण झालेल्या व रूढ असलेल्या काही जातींची माहिती खाली दिली आहे. उत्पन्न हेक्टरी टनांत व स्टार्च ताज्या कंदातील शेकडा प्रमाणात असून सर्व आकडे सुमाराचे आहेत.

एम-४ : १० महिने, १८ ते २३ टन. मलायातून आलेली जुनी जात; खाण्यास उत्तम.
एच-१६५ : ८ ते ९ महिने, ३३ ते ३८ टन, स्टार्च २३ ते २५.
एच-२२६ : १० महिने, ३० ते ३५ टन, स्टार्च २८ ते ३०.
श्रीविशाखम् : १० महिने, ३५ ते ३८ टन, स्टार्च २५ ते २७, गर पिवळसर, कॅरोटीनयुक्त.
श्रीप्रकाश : ७ ते ८ महिने, ३० ते ३५ टन, स्टार्च २९ ते ३१.
श्रीजया : ७ महिने, २६ ते ३० टन, स्टार्च २४ ते २७, शिजविण्यास चांगली.
श्रीविजया : ६ ते ७ महिने, २५ ते २८ टन, स्टार्च २७ ते ३०.

एच-१६५ व एच-२२६ या जाती १९७१ साली प्रसारित झाल्या. तामिळनाडूतील कारखान्यांना त्यांचाच मोठा पुरवठा होतो. केवडा रोगास प्रतिकार करणारी श्रीपद्मनाभ ही जात नंतरची आहे. महाराष्ट्रात दापोली येथील कोकण कृषि विद्यापीठात कंदपिकांवर काम चालते. बेणे व सल्ला यांसाठी प्रथम तेथे चौकशी करणे इष्ट होय.

हेक्टरी ३० टन म्हणजे एकरी सुमारे १२ टन, अर्थात दर झाडामागे जवळजवळ अडीच किलो कंद. हे आकडे सुधारलेल्या जाती, पुरेशी ओल व शिफारशीप्रमाणे खत यांचे आहेत. कोरड्या माळावर ते मिळतील अशी अपेक्षा धरू नये. तसेच केवळ वजन पाहून जात निवडू नये. ३५ टन कंदात २४ टक्के स्टार्च असल्यास तो ८.४ टन भरतो, तर ३० टन कंदात २९ टक्के असल्यास ८.७ टन. कमी वजनाच्या पिकातून स्टार्च अधिक मिळाला आणि सोलणे, वाहणे व किसणे यांचा खर्च मात्र कमी लागला.

रासायनिक घटक

दर १०० ग्रॅममधील घटक पुढे दिले आहेत.

ताजा कंद : पाणी ५९.४ ग्रॅम, प्रथिने ०.७, स्निग्ध ०.२, कर्बोदके ३८.१ ग्रॅम, उष्मांक १५७.
साबुदाणा : पाणी १२.२ ग्रॅम, प्रथिने ०.२, स्निग्ध ०.२, कर्बोदके ८७.१ ग्रॅम, उष्मांक ३५१.

यावरून दिसून येईल की, हा कंद शक्ती देणारा असला तरी अंग भरणारा नाही. कडधान्ये, दूध, मासे किंवा शेंगदाणे यांची जोड त्यास हवीच. खिचडीत दाण्याचे कूट घालण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. केरळातही उकडलेला कंद माशाच्या कालवणाबरोबर खातात. प्रथिनांचा विषाशीही संबंध आहे. शरीरात गेलेले थोडे सायनाइड निकामी करण्यासाठी प्रथिनांतून मिळणारे गंधक लागते. आफ्रिकेतील कोंझो रोग प्रथिनांवाचून केवळ कंदावर जगणाऱ्या घरांत झाला, त्याचे एक कारण हेच.

पानांचा प्रकार उलट आहे. वाळलेल्या पानांत शेकडा २० ते ३० भाग प्रथिने असतात. म्हणून पाला उत्तम चारा ठरावा. परंतु विषही पानांतच अधिक असते.

खाण्यासाठी कंद तयार करणे

गोड जातीचा कंदच घरी शिजवावा. काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच गरात निळसर-काळ्या रेघा पडून तो खराब होऊ लागतो. म्हणून खाण्यापुरताच काढावा. वरची तपकिरी व आतील जाड पांढरी, अशा दोन्ही साली काढाव्यात. लहान तुकडे करून भरपूर गार पाण्यात घालून उकळावेत व भांड्यावर झाकण ठेवू नये. पाणी फेकून द्यावे, त्याची आमटी करू नये. मोठे तुकडे एकदम उकळत्या पाण्यात टाकल्यास विकर मरते, पण विषजनक द्रव्य आत तसेच राहते.

पिठासाठी कंद किसून अथवा पातळ चकत्या करून कडक उन्हात कोरडे होईपर्यंत वाळवावे. जाड चकत्या वरून वाळल्या तरी आत विष राहते. पिठाविषयी शंका असल्यास ते पाण्यात कालवून पातळ थराने पसरून उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवावे व त्याच दिवशी शिजवावे. या सोप्या उपायाने उरलेले विष बरेच कमी होते. पिठातील सुरक्षित मर्यादा किलोस १० मिलिग्रॅम मानलेली आहे. जेवणानंतर डोके दुखणे, चक्कर, उलट्या, धाप अशी लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

जनावरांची काळजी

पाण्याच्या ताणातील ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा कापणीनंतर खोडव्यास फुटलेले धुमारे खाऊन जनावर दगावते, हे सातारा जिल्ह्यातील गुराख्यास सांगावे लागत नाही. ज्वारीतील द्रव्य निराळे असले तरी त्यापासून निर्माण होणारे विष तेच, म्हणजे हायड्रोसायनिक आम्ल. साबुकंदाचा ओला पाला व ओली साल यांच्याशी ज्वारीच्या पोंग्यांइतक्याच सावधगिरीने वागावे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोठीपोटातील जंतू हे विष झपाट्याने मोकळे करतात, म्हणून त्यांना धोका अधिक.

पाला चिरून दोन-तीन दिवस पूर्ण वाळवूनच आणि इतर चाऱ्यात थोडा मिसळून घालावा. साल बारीक करून उन्हात खडखडीत वाळवावी. बांधावर कुंपणासारखी साबुकंदाची झाडे लावू नयेत, कारण मोकळी शेळी प्रथम तेथेच तोंड घालते. कारखान्यातील वाळविलेला चोथा, ज्यास तामिळनाडूत तिप्पी म्हणतात, पशुखाद्यात वापरला जातो, परंतु त्यात प्रथिने नगण्य असतात.

विष बाधल्यास जनावराचा श्वास जोरात चालतो, डोळ्यांची व हिरड्यांची त्वचा लालभडक होते, अंग थरथरते व ते कोसळते. सर्व खेळ मिनिटांचा असतो. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांची सुई शिरेतून दिल्यास जनावर वाचू शकते, परंतु ते काम पशुवैद्याचेच. शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही या भागाची मोठी सोय होय. घरगुती उपायांत वेळ दवडू नये आणि जनावराने काय खाल्ले ते पशुवैद्यास प्रथम सांगावे.

शिरवळ परिसरात लागवड करावी काय?

शिरवळ परिसरात हे नेहमीचे पीक नव्हे. नीरेकाठची भारी जमीन त्यास योग्य नाही आणि तेथे ऊस व भाजीपाला यांच्याशी त्याची स्पर्धा टिकणार नाही. डोंगरउतारावरील हलक्या रानात ते येऊ शकेल, परंतु संरक्षक पाणी द्यावे लागेल. खरी अडचण बाजाराची आहे. कंद दोन-तीन दिवसांत नासतो, त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते आणि साबुदाण्याचे प्रमुख कारखाने शेकडो मैल दूर सेलमला आहेत. एवढ्या लांब ओले कंद पाठविणे परवडणार नाही. माल घेणाऱ्याचा लेखी करार व जवळचा कारखाना यांवाचून एकरांनी लागवड करणे म्हणजे माल रानातच कुजविणे होय. ज्यास हौस आहे त्याने खाण्याच्या जातीची पाच-पंचवीस झाडे परसात, गुरांपासून दूर लावून पाहावीत.

ग्रामसेवकांनी सांगावयाच्या गोष्टी

१. गोड असो वा कडू, कच्चा साबुकंद खाऊ नये.
२. दुष्काळी वर्षात गोड कंदही कडू समजून वागावे.
३. दोन्ही साली काढाव्यात, तुकडे लहान करावेत, उकळलेले पाणी फेकावे.
४. ओला पाला व ओली साल जनावरांपुढे टाकू नये.
५. नत्राबरोबर पालाशही पुरेसे द्यावे.
६. बेणे खात्रीच्या ठिकाणाहून व तपासूनच घ्यावे.
७. आधी गिऱ्हाईक, मग लागण.

साबुकंद हे पीक वाईट नाही. युद्धाच्या व टंचाईच्या काळात त्याने लक्षावधी लोकांना अन्न दिले आहे. मात्र ज्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सुखाने खाल्ले, त्यांनी कंदाबरोबर त्याची सोलण्याची, भिजविण्याची व वाळविण्याची रीतही जतन केली. आपल्याकडे कांडी येईल तेव्हा तिच्याबरोबर ही रीतही आलीच पाहिजे. ती प्रत्येक घरी पोहोचविणे हे ग्रामसेवकाचे कर्तव्य आहे.